न शिजलेल्या डाळीची हरकत

माय,

धाकटीचा मला हेवा वाटतो, आणि तू गेल्याला इतकी वर्षं झाली तरी तो कमी झालेला नाही. गेल्या रविवारी ती बसवकल्याणला माझ्याकडे आली आणि चहाच्या आधीच कागद पुढे केला. सरकार नवा कायदा आणतंय. तो झाला की कारखाना वाढवताना गावाला विचारायची गरज नाही, सांडपाणी कारखान्यानेच तपासायचं आणि दाखलाही त्यानेच द्यायचा. हरकत पाठवायची मुदत उद्या संपते. "अक्का, तू जन्मभर रसायनशास्त्र शिकिवलंस. पाण्याचं तू लिही. गाव माझ्याकडं बघायलंय, पर मला तसलं लिहिता येत न्हाई." बघते म्हणाले आणि कागद कपाटावर ठेवून दिला. गाव तिच्याकडे बघतं, हेच मला खुपलं. मायची लेक शोभतीस, असं तिलाच म्हणतात. मला कधी कुणी म्हटलं नाही.

मी नोकरीला लागून वर्षच झालं होतं, सुट्टीला आले होते. तू चुलीपुढे बसली आहेस. तुरीची डाळ दुपारपासून रटरटते आहे आणि दाणा बोटात दाबला तर फुटत नाही. मी म्हणते, औषधांच्या कारखान्यामुळे विहिरीत क्षार वाढलेत. तू वर न बघता म्हणतेस, "तेच तर म्हणायले मी." दुसऱ्या दिवशी गावच्या शाळेत त्याच कारखान्याच्या वाढीची जनसुनावणी होती. तू ते डाळीचं भगुनं डोक्यावर घेऊन गेलीस आणि साहेबांच्या टेबलावर ठेवलंस. "तुमच्या कागदात पाणी चांगलं हाय. मग ही कामून शिजंना? खाऊन दाखवा." साहेबांनी खाल्ली नाही, पण वाढ थांबली. धाकटी ही गोष्ट दर लग्नाकार्यात सांगते, आणि "मायसंगं मी गेले, पळी माझ्या हातात हुती," हे सांगायला विसरत नाही. मला त्या पळीचासुद्धा हेवा वाटतो.

नवा कायदा आला तर भगुनं ठेवायला टेबलच राहणार नाही. हे मला तिच्यापेक्षा नीट कळतं. तरी मी लिहावं आणि नाव तिचं व्हावं, या विचाराने आठवडा घालवला. आज दुपारी कागद काढला, तर हरकतीऐवजी तुलाच लिहीत बसले. हे झालं की ती लिहीन. वर सही तिची, खाली माझी.

मायने धाकटीलाच नेलं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. त्या सकाळी तू आधी मलाच म्हणाली होतीस, "तू शिकलेली हायेस, चल संगं, साहेबाला समजून सांग." डाळीचं भगुनं घेऊन साहेबांपुढे उभं राहायची मला लाज वाटली. डोकं दुखतंय म्हणाले आणि आत जाऊन पडले. धाकटीला हे सांगायला अजून जीभ वळत नाही.

डोकं दुखत नव्हतं, माय.