साकु या शब्दाचे शुद्धिपत्र

मी, बिंदुमाधव शेषगिरीराव, वय वर्षे सत्तावीस, धंदा छापखान्यात खिळे जुळवण्याचा, राहणार गवीपुरम, बेंगळूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदयाची एक झडप शाबूत नाही, म्हणून येत्या गुरुवारी शस्त्रक्रिया आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही, किंवा गोड बोलून हे लिहून घेतलेले नाही. गोड बोलून माणसाकडून काय काय काढून घेता येते ते मला ठाऊक आहे, म्हणून तेही नमूद केले.

सांधेतापामुळे माझी शाळा सातवीत सुटली. तरी या कागदात शुद्धलेखनाची चूक आढळू नये असा प्रयत्न केला आहे.

एक. माझ्या वाट्याच्या दोन खोल्या आई कृष्णाबाई हिला. मागच्या दाराची कडी आधी वर उचलून मग ओढावी लागते. भाडेकरू ठेवल्यास त्याला हे सांगावे, नाहीतर तो दार मोडेल.

दोन. सायकल माझा मित्र हयवदन, पोस्टातला कारकून, याला. जुळणीची पट्टी आणि चिमटा छापखान्यातल्या शिवाप्पाला. त्याने तीन वर्षे ‘ण’चे खिळे ‘न’च्या घरात टाकले आणि बोलणी मी खाल्ली. आता त्याच्या चुका शोधायला मी नसेन, एवढी शिक्षा त्याला पुरे.

तीन. सोंगपट. हा खेळ मी स्वतः तयार केला आहे. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढलेले एक गाव, लाकडी सोंगट्या, सात कवड्या आणि एक वही. प्रत्येक खेळणाऱ्याने एका सोंगटीचे सोंग घ्यायचे, तिच्या तोंडून बोलायचे. गावात काय घडते ते मी सांगायचो. जिथे शंका, तिथे कवड्या टाकायच्या. दर रविवारी दुपारी आम्ही तिघे बसत असू: मी, हयवदन आणि माझी थोरली बहीण अनुसूयाअक्का. अक्का वैदूबाईचे सोंग घेई.

अक्काचा मुलगा गुंडो चार वर्षांचा होऊन घटसर्पाने गेला. त्यानंतर ती कुठे जात नसे. सोंगपटाला मात्र येई. एका रविवारी हयवदन जांभई देऊन म्हणाला, “बिंदू, तुझं गाव झोपलंय रे. आम्हीही झोपतो.” ते मला लागले. मी तळ्याकाठी एक हरवलेला मुलगा आणला. तो चप्पल घालताना आधी डावी घाली, आणि उजवी आधी पुढे केली तर पाय आखडून घेई.

ही सवय गुंडोची होती. मी ती सहज घातली नाही, निवडून घातली. ज्या खेळात माणूस खरेच रडतो तो मोठा खेळ, अशी माझी समजूत होती.

अक्काने त्या सोंगटीकडे पाहिले. मग म्हणाली, “साकु.”

कानडीत साकु म्हणजे पुरे. आणि साकु म्हणजेच सांभाळ, वाढव. आमच्या घरच्या मराठीत दोन्ही चालतात. मी म्हणालो, “सरी, बरं अक्का. वैदूबाईनं पोराला साकलं. नाव काय ठेवतेस?” मी दोनदा विचारले. तिने सांगितले, “गुंडो.” मी वहीत लिहून घेतले.

मला खरोखर ‘सांभाळ’ असे ऐकू आले का? आठ महिने मी त्या दुपारचा हाच एक शब्द तपासतो आहे. आवाज दोन्हींचा सारखाच. पण तिचा हात पटावरून मागे गेला होता, आणि तो मी पाहिला होता.

पुढचे पाच रविवार अक्का सगळ्यांच्या आधी येऊन बसे. आल्या आल्या विचारी, “पोर जेवलं का रे?” हयवदन चेष्टेत म्हणे, “अक्का, मलाही कोणी हे विचारत जा.” ती हसे. मला वाटले, मी तिचे भले केले.

सहाव्या रविवारी खेळ पुन्हा मंदावला आणि मी मुलाला ताप आणला. घसा सुजला असे सांगितले. अक्का म्हणाली, “साकु, बिंदू.” या वेळी अर्थ एकच होता. मला तो कळला होता. हयवदनही म्हणाला, “सोड ना रे.” मी म्हणालो, “कवड्या ठरवतील,” आणि टाकल्या. तीन उताण्या पडल्या तर मुलगा जगायचा. दोनच पडल्या. एक कवडी बोटाने उलटवता आली असती. पण कवड्यांच्या बाबतीत मी फार प्रामाणिक होतो.

अक्का उठून गेली, चप्पल न घालता. संध्याकाळी तिचे यजमान ती चप्पल न्यायला आले. शांत माणूस. एवढेच म्हणाले, “देवानं एकदा नेला. तू परत आणलास आणि पुन्हा नेलास.” मी त्यांच्यावर राग धरला होता. तो या कलमाने सोडतो.

चार. पट हयवदनला. तो म्हणतो जाळून टाक. जाळू नये, कारण जाळल्यावर तो नुसता खेळ होता असे मीही म्हणू लागेन. कोणी खेळल्यास या अटी पाळाव्यात. बसण्यापूर्वी प्रत्येकाला विचारावे की पटावर काय आणायचे नाही, आणि कारण विचारू नये. कोणाच्या घरचे दुःख नाव बदलून गावात आणू नये. कोणी साकु म्हटले की सांगणाऱ्याने वाक्य अर्धे असले तरी थांबावे. शंका असल्यास कवड्या टाकू नयेत, विचारावे.

पाच. मुलाची सोंगटी हयवदनने वेगळी ठेवावी. अक्काने मागितली तर द्यावी, तोंडातून शब्द काढू नये. न मागितल्यास आठवण करू नये.

अक्काला माझ्या शस्त्रक्रियेचे कळवू नये. आईला हे कठीण जाईल, तरी शपथ घालतो. मला तिची क्षमा हवी आहे. इतकी, की दुसरे काही हवेसे राहिलेले नाही. पण मरायला टेकलेल्या भावाला नाही कोण म्हणेल? ती कवडीही मीच उलटवल्यासारखे होईल. मी वाचेन असे मला वाटत नाही. वाचलो, तरी हे कलम तसेच राहील. हा कागद तिला वाचून दाखवू नये.

शुद्धिपत्र. सोंगपटाची वही, पान एकेचाळीस, ओळ सहावी. ‘अक्काने मुलगा साकला’ याऐवजी वाचावे: ‘अक्का पुरे म्हणाली. खेळ थांबला.’ त्यापुढील सर्व पाने रद्द समजावीत.

सही: बिंदुमाधव शेषगिरीराव

आमच्यासमक्ष सही केली, आणि आम्ही त्याच्यासमक्ष:
१. हयवदन नरसिंगराव, पोस्टातील कारकून
२. कृष्णमूर्ती, छापखान्याचे मालक

बेंगळूर, म्हैसूर राज्य
दिनांक ९ मे १९६४