रूपेशची शेवटची चढाई

१४ जानेवारी
लालबागला कबड्डीची फायनल. पंच मी. शेवटची चढाई रूपेशची. परतताना तो कडेच्या लॉबीत गेला. समोरच्याला हात लागला असेल तरच लॉबीत जाता येतं, नाहीतर बाद.
"स्वप्नीलला लागला!" रूपेश ओरडला.
"कुठे लागला रे? स्वप्नात?" स्वप्नील हसला.
रूपेशला बाद दिलं. त्याचा संघ एका गुणाने हरला. जिंकलेल्या संघातल्या सर्वात चांगल्या खेळाडूलाच बँक नोकरीवर घेणार. म्हणजे स्वप्नीलला.

१५ जानेवारी
नलूने चहा देताना विचारलं, "तुम्ही बघितलंत ना?" हो म्हणालो.
बघितलं नव्हतं! माझी नजर रूपेशच्या पायांवर होती. स्वप्नीलने हात वर केला नाही, एवढंच दिसलं. स्पर्श झालेला स्वतःच हात वर करून बाहेर जातो — आमच्याकडची रीत. वडील गिरणी सुटल्यावर खेळायचे तेव्हा पंच नसायचाच. बाद झालेला आपणहून निघायचा. मी त्या रीतीवर निकाल दिला.

१७ जानेवारी
झोप नाही.

१८ जानेवारी
तीस वर्षं कोर्टात निकाल टाइप केले. 'साक्षीदार विश्वासार्ह वाटतो.' किती वेळा! एकाही जज्जसाहेबाने गुन्हा होताना पाहिलेला नव्हता. तिथे ते सगळ्यांना ठाऊक असतं. पंचाला ती सवलत नाही. तो मैदानातच उभा असतो. त्याने बघितलंच पाहिजे.

१९ जानेवारी
रूपेशची आई शेवंताबाई शीव कोळीवाड्यातून आली. मासळीची पाटी जिन्यात ठेवली. "माजा पोर खोटा नाय बोलनार, भाऊ." बस म्हटलं तरी बसली नाही.
विश्वासार्ह वाटली.

२० जानेवारी
कबड्डी संघटनेत अर्ज नेला : 'स्पर्श झाला की नाही, मी पाहिलं नाही.' सचिव दौलतने वाचून परत केला. "वसंतराव, 'पाहिलं नाही'वर निकाल फिरत नसतो. लागला होता असं लिहा. नाहीतर घरी जा, आराम करा."
लिहिलं — लागला होता. सही केली.

२४ जानेवारी
निकाल फिरला. पंचांच्या यादीतून माझं नाव काढलं. नलू म्हणाली, "बरं झालं. रविवारी घरी तरी असाल."

२७ जानेवारी
परळ नाक्यावर स्वप्नील दिसला. मला बघून रस्ता ओलांडून पलीकडे गेला.

२ फेब्रुवारी
रूपेश पेढे घेऊन आला. काल बँकेत रुजू झाला. नलू आत जाईपर्यंत थांबला. मग हळूच, "काका, खरंच लागला होता ना? मला काय समजलंच नाय तेव्हा. मी आपला ओरडलो."
"लागला होता," मी म्हणालो.