पालघरला पाहिलेल्या पिक्चरचा शेवट

आई,

काल रविवारी तारापूरला जाऊन आले, काकींकडे. तू गेल्यापासून तिकडे जाणं वर्षातून एखाद्या वेळी होतं, शिमग्याला नाहीतर गणपतीत. पण या वेळी त्यांनी मुद्दाम फोन करून बोलावलं. "बाय, तुज्या आयचा पिक्चर भेटलाय. नातीनं फोनवर शोदून काडला. रविवारी ये, सगल्या बसून बगू." मला आधी कळेचना, तुझा पिक्चर म्हणजे कुठला? तू काय सिनेमात होतीस? मग एकदम आठवलं, आणि नववीचे पेपर तपासत होते ते तसेच राहिले.

त्या दोन खोल्या तुला आठवतात ना? मला तर भिंतीवरच्या चुन्यापासून आठवतात. बाबांना प्लांटमध्ये नोकरी लागली होती, कॉलनीतल्या क्वार्टरला नंबर लागायचा होता, आणि आपण कराडहून थेट समुद्राकाठी, काकींच्या मागच्या दारी येऊन पडलो होतो. त्या खोल्या भाड्याने द्यायला बांधलेल्याच नव्हत्या. काकींनी त्या मुलासाठी बांधून घेतल्या होत्या, त्याच्या लग्नाच्या आशेने. मुलाला बोटीवर जायचं नव्हतं, बापाशी भांडला आणि घर सोडून निघून गेला. कुणी म्हणे वेरावळला दिसला, कुणी म्हणे मुंबईला. काकींनी बाजाराला जाणं सोडलं. एके काळी म्हणे बोईसरच्या बाजारात त्यांच्यासमोर गिऱ्हाईक बोलायला धजत नसे, आणि आता त्या दिवसभर ओट्यावर बसून एस.टी.च्या थांब्याकडे बघायच्या. मासळीची पाटी त्यांच्या थोरल्या मुलीच्या डोक्यावर आली. भाडं हातात घेताना दर वेळी त्यांचं एकच वाक्य असे, "माजा पोरगा आला का खोल्या खाली कराव्या लागतील हां, बाय." तू मान डोलवायचीस. तेव्हा धाकटा तुझ्या पोटात होता. आत आल्यावर तू बाबांना विचारायचीस, क्वार्टरचं काही कळलं का.

आणि दुपारचं ते पिक्चर सांगणं! तसली पद्धत मी पुन्हा कुठे पाहिली नाही. वाडीतल्या बायकांना पालघरला टॉकीजमध्ये जायला सवड कुठली? जी कुणी जाऊन येईल तिने दुसऱ्या दिवशी बोंबील वाळत घालताना सगळ्यांना अख्खा पिक्चर सांगायचा, गाण्यांसकट. न सांगता गप्प बसणं म्हणजे गोड एकटीने खाण्यासारखं समजलं जाई. बाबांना सिनेमाचं वेड, महिन्याकाठी ते तुला न्यायचेच, त्यामुळे सांगायचं काम घाटावरच्या बाईकडे आलं. पहिल्यांदा तू नाकाला पदर लावून सांगितलंस, त्याची नक्कल काकी अजून करतात. पुढे तूही दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टाकायला शिकलीस. हात आणि तोंड बरोबर चालायचं. मारामारीला तुझा वेग वाढायचा, आणि रडायचा सीन आला की तू एखादा बोंबील हातात तसाच धरून थांबायचीस.

त्या दिवशीचा पिक्चर साधाच होता. नदीकाठचं गाव, बापाशी भांडून शहरात गेलेला मुलगा, आणि रोज गाडीच्या थांब्यावर जाऊन बसणारी आई. तू सांगायला लागलीस तशी मी काकींकडे बघितलं. त्यांनी तुझ्याकडे पाठ केली होती, पण हात थांबले होते. मध्यंतर झालं, शहरातली गाणी झाली, बाप मेला. बायका डोळे पुसून शेवटाची वाट बघत होत्या. तू म्हणालीस, "मग एके दिवशी ती आई उठते. दाराला कडी घालते, पेरूची पाटी डोक्यावर घेते आणि बाजाराला जाते. तिच्या तोंडावर ऊन पडतं. संपला."

"आन् पोरगा?"

"नाही आला."

"असा कसा नाय येनार? हिरो हाय तो!"

त्यानंतर जो गोंधळ झाला तो आठवून मला काल रिक्षात हसू आलं. एक म्हणाली, तिकिटाचे पैसे परत मागा. दुसरीची खात्री की थेटरवाल्याने शेवटचं रीळ दाखवलंच नाही, बायकांची शेवटची एस.टी. चुकेल म्हणून. तिसरीने तर त्या हिरोचं तोंड बघणार नाही म्हणून सांगितलं, आणि माझ्या माहितीप्रमाणे मरेपर्यंत पाळलं. तू मात्र हटली नाहीस. दाखवलं ते सांगितलं, म्हणालीस. काकींनी हातातला बोंबील दोरीवर टाकला आणि पुढचा उचलला.

दुसऱ्याच दिवशी काकी पाटी घेऊन बाजाराला निघाल्या असं लिहायला मला आवडलं असतं. सिनेमात तसंच झालं असतं. पण त्या गेल्या शिमग्यानंतर, मध्ये बरेच दिवस गेले. एका सकाळी थोरलीच्या डोक्यावरची पाटी त्यांनी काढून घेतली, "तू शालंत जा" म्हणाल्या आणि बोईसरच्या एस.टी.त चढल्या. त्या महिन्यात भाडं घेताना त्यांनी नेहमीचं वाक्य म्हटलं नाही. "ऱ्हावा निवांत," एवढंच म्हणाल्या. तू आत येऊन पोटावर हात ठेवून बसलीस, हे मला दिसतंय. तुला रडू येत होतं की हायसं वाटलं होतं, ते तेव्हाही कळलं नाही.

तर आता मुद्द्याचं. मी इतिहास शिकवते, दिसेल ते तपासून बघायची खोड आहे. काकींचा फोन आल्यावर त्यांच्या नातीकडून मी तो पिक्चर मागवून घेतला आणि गुरुवारी शाळेतून आल्यावर एकटीनेच बघितला. चहा गार झाला. आई, तो येतो गं. दिवाळीच्या दिवशी मोटारीतून येतो, आई नुसत्या पावलांवरून ओळखते, ती धावते, तो धावतो, मागे सगळा गाव गाणं म्हणतो. पेरूची पाटी नाही, कडी नाही, तोंडावर ऊन तर नाहीच, कारण आकाशात फटाके उडतायत. तो सगळा शेवट तू बोंबील अडकवता अडकवता तिथल्या तिथे रचलास.

वर्गात मी इतिहासाची साधने शिकवते. लिखित साधने, मौखिक साधने. किल्ला कुणी बांधला, कुणी जिंकला, हे पोरं धडाधड सांगतात. मी त्यांना बजावते, सांगणाऱ्याला काय हवं होतं ते आधी विचारा, मग विश्वास ठेवा. गुरुवारी मी तोच प्रश्न तुला विचारत बसले. तुला काय हवं होतं? ओट्यावर बसून वाळत चाललेल्या त्या बाईला उठवायचं होतं? की बाळंतपण तोंडावर आलेलं असताना डोक्यावरचं छप्पर जाऊ द्यायचं नव्हतं? चांगल्या माणसाने खोटं सांगायचंच तर आनंदाचं सांगावं, ही रीत. तू आनंदाचा शेवट काढून घेऊन त्या जागी दुःखाचा ठेवलास, आणि काकी बाजाराला लागल्या त्याच महिन्यात आपल्या खोल्या पक्क्या झाल्या. रागावू नकोस. विचारल्याशिवाय मला राहवत नाही, आणि उत्तर द्यायला तू नाहीस.

आणि काकींना आता तो शेवट दिसणार होता. मुलगा तर आजपर्यंत आलाच नाही त्यांचा. ज्या पिक्चरमुळे त्या थांब्याकडे पाठ करून उठल्या त्यात मुलगा परत येतो हे त्यांनी या वयात, डोळ्यांनी बघायचं? मग त्यांच्या मनात तुझं काय होईल? शनिवारी मी नातीला फोन करून म्हटलं, नको लावूस, मिळत नाही म्हणून सांग. ती म्हणाली, "आजीनं शेजारच्या दोघींना पन बोलावलंय, चकल्या आनल्यात."

तुझ्या नातवाचंही सांगते. तू गेलीस तेव्हा तो तुझ्या मांडीवर खेळत होता. आता कॅनडात असतो. भांडून वगैरे गेला नाही, आपल्या घरात कुणी धड भांडतही नाही. दर रविवारी फोनवर दिसतो, बर्फ दाखवतो. दिवाळीला येतो म्हणतो आणि मग कामाचं काहीतरी निघतं. खिडकीतून बाहेर काय बघतेस सारखी, असं तुझे जावई विचारतात. मी म्हणते, काही नाही, रिक्षा वाजली.

काल बोईसरहून शेअर रिक्षाने गेले. "मॅडम, तारापूर तक ना?" रिक्षावाल्याने विचारलं, आणि मला वाटलं म्हणावं, नाही, परत बोईसरला सोड. काकींचं घर आता स्लॅबचं आहे, पुढच्या खोलीत मासळीचा मोठा फ्रीजर, त्यावर टीव्ही. नातीने फोन टीव्हीला जोडला. काकी माझा हात धरून बसल्या आणि प्रत्येक सीनच्या आधी पुढचं सांगत गेल्या, तुझ्याच शब्दांत. आता बाप छत्री फेकनार. आता ही गानं म्हननार. अगदी तसंच होत गेलं, त्यामुळे मला आणखीच घाम फुटला. मग दिवाळी आली. मोटार आली. पोरगा उतरला. आई धावली.

चकली कुणी चावेना. नात म्हणाली, "आजी, तू तर बोललीस तो येत नाय."

काकी टीव्हीकडे बघत राहिल्या. मग हसल्या. "हा खोटा हाय," त्या म्हणाल्या. "फोनवाल्यांनी बदललाय. काय बी करतात. तुज्या आजोबाचा फोटो नाय तू त्या दिवशी फोनमदी हसवून दावलास? जल्मात कवा हसला होता तो मानूस?" शेजारणींनी माना हलवल्या. मग माझ्याकडे वळून, "सांग ना हिला, मॅडम. तुज्या आयनं डोल्यांनी बगितलेला पिक्चर. पोरगा येतो काय त्यात?"

शाळेत एवढी वर्षं पुराव्याचं बोलणारी तुझी लेक म्हणाली, "नाही येत, काकी. हा नंतर बदललाय."

"बग," त्या नातीला म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "पन बरा केलाय."

मग तो शेवट आम्ही पुन्हा एकदा बघितला. मोटार, पावलं, फटाके, सगळं. या खेपेला काकी टीव्हीकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या.

निघताना त्यांनी सुक्या बोंबलांची पुडी पिशवीत कोंबली आणि कोपऱ्यापर्यंत काठी टेकत आल्या. मी म्हटलं, काकी, आईचा तो पिक्चर ऐकून तुम्ही वाट बघणं सोडलंत ना, मला अजून आठवतं. त्या थांबल्या. "कोन बोलला सोडली? वाट काय, बाजारात बसून बी बगता येते. तुमी क्वार्टरला गेलात तवा त्या खोल्या मी दुसऱ्या कोनाला नाय दिल्या." थोडं चालून पुन्हा म्हणाल्या, "पन बाजारात चार मानसं बोलतात. ओट्यावर कोन बोलतो? तुजी आय येकटी बोलायची." मला रडू आलं, आणि रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "उद्या शाला हाय ना तुला? जा मग. येलेवर जा."

खोल्यांचं मी तुला विचारलं ते खोडणार होते. राहू दे. तू दोन्हीसाठी केलं असशील, त्यांच्यासाठी आणि आपल्यासाठी, आणि मी तुझ्या जागी असते तर मला एवढं सुचलंही नसतं. हे पत्र कुठे टाकायचं ते माहीत नाही, नववीच्या पेपरांखाली ठेवते. ते आज परत द्यायचेत आणि अर्धे तपासायचे राहिलेत.

एक सांगायचं राहिलं. तो शेवट पुन्हा लावायला काकींनी सांगितलं नव्हतं. "परत लाव गं," असं म्हणाले ती मी.