‘सावकाश’ या अल्बमाबद्दल आणि माझ्या मिळकतीबद्दल

मी, विनोदिनी गंगाधर काळमेघ, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार तात्यापारा, रायपूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कुणाचे दडपण नाही. खुबा मोडल्यापासून चालणे अवघड झाले असले तरी डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. राहते घर माझे पती कै. गंगाधर यांनी रेल्वेत असताना माझ्या नावे घेतले. ते मुलगा गौतम आणि मुलगी यामिनी यांना निम्मे-निम्मे. समोरच्या खोलीत मी चाळीस वर्षे गाणे शिकवले. ती यामिनीच्या वाट्यात धरावी. गौतमने कुरकुर करू नये. गाण्याचा कंटाळा येतो, हे तो स्वतःच सांगतो.

२. बँकेतील ठेवीही दोघांना सारख्या.

३. पेटी माझी शिष्या राधिका हिला. नणंद रमाबाई यांना काहीच द्यायचे नव्हते. यामिनीची गाणी ऐकून त्या म्हणाल्या होत्या, “काहून वं, पोट्टी झोपेत गाऊन राहिली का?” पण तेव्हा मीही हसले होते. म्हणून गोल बाजारातून आणलेला पितळी डबा त्यांना द्यावा.

४. ‘सावकाश’ हा अल्बम यामिनीचा आहे. त्यावर माझा काडीचा हक्क नाही, तेव्हा तो मी कुणाला देऊ शकत नाही. घडले ते फक्त नोंदवते. नऊ गाणी, मराठी आणि हिंदी, जॅझच्या ढंगाची; खाली गिटारवर बोसानोव्हा नावाचा ब्राझीलचा मऊ ठेका. तीन वर्षांपूर्वी, लोकांसमोर आणण्याआधी, ती मला ऐकवायला घेऊन आली. मी मांडीवर ताल धरला आणि सगळ्या क्लाससमोर तिसऱ्याच गाण्याला थांबवले. “सम हुकतेस. प्रत्येक ओळीत हुकतेस. हे कुणाला ऐकवू नकोस.” ती एवढेच म्हणाली, “ठीक है, आई.” अल्बम निघाला नाही. ती समता कॉलनीतल्या एका दवाखान्यात नोकरी करते, दर रविवारी माझ्याकडे येते, आणि गात नाही.

गेल्या हिवाळ्यात अंथरुणाला खिळले असताना, तेव्हा ती इथेच ठेवून गेलेल्या रेकॉर्डिंगवरून, मी नऊही गाणी ऐकली, पुन्हा पुन्हा, ताल धरून. तिची प्रत्येक ओळ समेच्या मागून येते, आणि दर वेळी तेवढ्याच अंतराने. चुकणारा माणूस इतका नेमका चुकत नाही. ती समेला पुढे जाऊ देत होती आणि मागून निवांत येत होती. मला ते जन्मात जमले नसते. चाळीस वर्षे दुसऱ्यांचे ताल दुरुस्त केले आणि पोटच्या पोरीचे गाणे मला ऐकू आले नाही, याचे फार वाईट वाटते.

५. सबब, माझ्या पश्चात गौतमने हे कलम यामिनीला वाचून दाखवावे: चूक माझी होती, मला माफ कर, आणि अल्बम काढ.

स्थळ: रायपूर. मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५.

सही: विनोदिनी गंगाधर काळमेघ

साक्षीदार: १. भैय्यालाल साहू, वकील
२. नीलिमा देवांगन, शेजारी

दुरुस्ती: कलम ५ दोन्ही साक्षीदारांसमोर खोडले आहे. वाचून झाल्यावर वकीलसाहेब म्हणाले, “दीदी, बेटी तो यहीं समता कॉलोनी में है. ये वसीयत में काहे लिख रहे हो?” मी म्हटले, रविवारी येईलच ती. ते म्हणाले, “आज तो मंगलवार है.” ऑटो दाराशी उभा आहे. वि. गं. का.