स्वयंपाकघरातला लाल दिवा

४ जानेवारी
मेव्हणीबाई येऊन गेल्या. म्हणाल्या, भावोजी, महिनाभर बघते. घर मार्गाला लागलं तर ठीक, नाहीतर पोरीला मी माझ्याकडे नेते. महिना म्हणजे चिक्कार झाला. बंद पडलेली बाटल्यांची लाइन मी आठवड्यात सुरू केली आहे. हे तर दोन माणसांचं घर. बायको गेल्यापासून दोनच, मी आणि मुलगी.

६ जानेवारी
फॅक्टरीत लीनचं, म्हणजे कामातला फापटपसारा काढून टाकायचं, ट्रेनिंग सुरू. ट्रेनिंगच्या बाई म्हणाल्या, हे पुस्तकातून येत नाही, एकमेकांच्या अनुभवातून येतं. म्हणून दर शनिवारी चहाच्या वेळी सगळ्यांनी उभं राहून आपापला अनुभव सांगायचा. फिटर म्हणाला, बाई, आमचा सगळा अनुभव बसून चहा प्यायचा आहे. सगळे हसले. मी घरी काय करता येईल याचा विचार करत होतो.

७ जानेवारी, सकाळ
घरीही उभ्याने मीटिंग सुरू केली, ओट्यापाशी. काल काय झालं, आज काय करायचं, अडचण काही नाही ना? मुलगी म्हणाली, नाही. मीटिंग संपली. पॅकिंगमध्ये इतक्या झटपट कधी संपत नाही.

१० जानेवारी
लाइनवर दोरी बसवली. बिघाड दिसला की कामगाराने ओढायची, लाल दिवा लागतो, सुपरवायझरने हातातलं टाकून तिथे जायचं. जाऊन ओरडायचं नाही, हे बाईंनी का कोण जाणे माझ्याकडे बघून सांगितलं.
संध्याकाळी दोरीसकट तसाच दिवा स्वयंपाकघरात बसवला. मुलीला म्हटलं, बोलायला जड जात असेल तर दोरी ओढ, मी येईन. ती बराच वेळ दोरीकडे बघत राहिली. आवडलेली दिसते.

१५ जानेवारी
कामावरून आलो की पुढच्या खोलीत दार लावून बसतो. तिथे हिची खुर्ची आहे. थोडाच वेळ. जेवणापर्यंत.
स्वयंपाकघरातला दिवा अजून एकदाही लागलेला नाही!

१७ जानेवारी
चहाच्या वेळी हे सांगितलं. वाटलं, टाळ्या पडतील. बाई म्हणाल्या, ज्या लाइनवर दिवा लागत नाही, तिथली मला भीती वाटते. काही लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. स्टोअरकीपरने विचारलं, साहेब, वायरिंग तपासलंत ना? वायरिंग माझ्या हातचं आहे, म्हटलं.

२१ जानेवारी
मुलीने आपणहून स्वतःचं कपाट आवरायला घेतलं! नको ते आधी काढून टाका, ही लीनची पहिली पायरी. मी शिकवलीही नव्हती. वरचा खण रिकामा. घरात वातावरण असलं की मुलं शिकतात.

२४ जानेवारी
तेही सांगितलं. फिटरने चहाचा कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, साहेब, काढलेलं सामान गेलं कुठे? विचारलं नव्हतं. रद्दीत गेलं असणार.

२६ जानेवारी
खालचा खणही रिकामा. पुस्तकं नाहीत. कपाटाचं दार लावलं की आत आवाज घुमतो. टेबलावरचा हिचा फोटोही दिसला नाही. काच पुसायला काढला असेल.
मुलीने विचारलं, बाबा, संध्याकाळी दार उघडं ठेवाल का? म्हटलं, वारा येतो.

२९ जानेवारी
मुलगी मावशीशी फोनवर हळू आवाजात बोलत होती. मी आत गेलो तशी थांबली. थोडक्यात आवरायची सवय लागली आहे. घरात कमालीची शांतता. अडचणी शून्य.

१ फेब्रुवारी, दुपार
मेव्हणीबाई टॅक्सी घेऊन आल्या. मी म्हटलं, बघा, तीन आठवड्यांत एकदाही दिवा लागला नाही. त्यांनी आत बघून मुलीला हाक मारली. वाद घातला असता तर उत्तर तयार होतं. मुलगी दोन बॅगा घेऊन बाहेर आली. म्हणाली, लागायचा बाबा. मी ओढायचे आणि ओट्यापाशी उभी राहायचे. तुम्ही दार लावून बसलेले असायचात.
बॅगा जड होत्या. मी एक उचलून खाली नेली.

१ फेब्रुवारी, संध्याकाळ
दार बंद असताना खुर्चीतून तो उजेड दिसतो की नाही, हे बसवतानाच तपासायला हवं होतं. काम सोपं आहे. एकाने ओट्यापाशी दोरी ओढायची, दुसऱ्याने खुर्चीत बसून बघायचं.
उद्या तपासू म्हटलं. पण त्याला दोन माणसं लागतात.