घड्याळात भरलेला आवाज

सूनबाई,

मी वाचनालयात जाऊन बसतो, संध्याकाळी येईन. छकुलीला कामाच्या सूचना देणारं ते बोलकं घड्याळ कपाटात ठेवलं आहे, ते तिला देऊ नकोस.

सकाळी त्याचं चार्जिंग संपलं, तर बाईसाहेब कंगवा धरून आरशासमोर नुसत्या उभ्या. मी म्हटलं, "विंचर की गं." तिने एकदाच कंगवा फिरवला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आजोबा, पुढचं?"

विंचरणं तर तिला लहानपणापासून येत होतं. आपल्यामागे तिला एकटं राहता यावं, म्हणून मीच त्या स्वमग्न मुलांच्या संस्थेतल्या इंजिनिअरच्या मागे लागलो की घड्याळातल्या प्रत्येक कामाच्या सूचना आणखी बारीक करा, अगदी एकेक हालचाल सांगा. तू तेव्हाच म्हणाली होतीस, "बाबा, जमतंय ते कशाला शिकवता?" होतं तेही मी घालवलं असं वाटतं.

घड्याळात आवाज माझाच आहे. मी घरात असलो की ती माझ्या तोंडाकडे बघत राहणार, म्हणून निघालो. तू फक्त कंगवा समोर ठेव आणि स्वयंपाकघरात जा. मला फारशी आशा नाही. काय झालं ते फोन करून कळवू नकोस. आल्यावर तिचे केस दिसतीलच.

बाबा