भोगाच्या आगीतली पुस्तकं

तांडा, ता. राळेगाव
११ फेब्रुवारी २०२५

चि. इंद्रजीत,

जय सेवालाल. इकडे सर्व ठीक. तूर घरात आली, कापसाचा शेवटचा वेचा राहिलाय. तुझ्या वहिनीचा गुडघा अजून दुखतो. तुम्ही सगळे बरे असाल. रीत म्हणून एवढं लिहिलं.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी गप्प राहिलो, त्याचा अर्थ तू सोयीचा घेतला असशील. पोरीला, बबिताला समजाव, तिचा निबंध मागे घ्यायला लाव, घरातलं घरात राहू दे, असं तू म्हणालास. स्वतःच्या निबंधाची चौदा पानं छापून झाल्यावर तुला घर आठवलं.

तुझा निबंध तिच्या बी.ए.च्या वर्गाला अभ्यासाला आहे, हे मला आधी माहीत नव्हतं. ती सुट्टीत पुस्तक घेऊन आली. काकाचं नाव बघून मला आनंद झाला, हेही खरं. अंगणात बसून तिला मोठ्यानं वाचायला लावलं आणि पोथी ऐकतो तसा मान डोलवत ऐकत बसलो. ती थांबली. म्हणाली, "बा, हे पोथी नाय. इथं लिहिणाऱ्याले विचारा लागते."

त्यांच्या बाईंनी रीत शिकवली आहे. पहिल्यांदा पेन्सिल न घेता वाचायचं. दुसऱ्यांदा प्रत्येक परिच्छेदाशेजारी, तो काय म्हणतो ते आपल्या शब्दांत एका ओळीत लिहायचं. तिसऱ्यांदा प्रत्येक वाक्याला खूण करायची: हे लेखकानं पाहिलेलं, हे ऐकलेलं, हे नुसतं वाटलेलं. तीन दिवस आम्ही दोघं तेच करत होतो. सातवी शिकलेल्या माणसालाही जमतं ते.

सातव्या पानावर तू लिहिलंस की माघात, देवापुढे भोग लावल्यावर, मोठ्या भावानं बहिणीची, जयाची दहावीची पुस्तकं त्या आगीत टाकली आणि तू दारात उभा राहून पाहत होतास. बबितानं आधी "पाहिलेलं" अशी खूण केली. मग मागची पानं उलटली. तिसऱ्या पानावर तूच लिहिलंस, त्या वर्षी आश्रमशाळेतून तू दिवाळीनंतर थेट उन्हाळ्यात घरी आलास. तिनं खूण खोडली. मला विचारलं, "मंग काकाले दिसलं कसं?"

मी उठून बैलांना पाणी दाखवायला गेलो.

भोगाच्या आगीत तूप जातं, लापशी जाते. तिथं कोणी कागद टाकत नाही, हे तांड्यातलं शेंबडं पोरही सांगेल. तुला माझ्यावर चिखल उडवायचा होता तर उडवायचा. देवाला कशाला साक्षीला ओढलंस? वर्गातल्या पोरांना वाटलं असेल, हे असेच लोक.

पण आग का लिहिलीस, ते मला गोठ्यात उभं राहून कळलं. जळालेली पुस्तकं पुढं कुठं गेली, असं कोणी विचारत नाही.

आता जे फोनवर बोललो नाही ते लिहितो. बा गेल्यावर कर्ता मी होतो. सोयरे होळीच्या आत जयाचं लग्न मागत होते, परीक्षा मार्चात होती. जयाला घरी मीच बसवलं. ती शेतात गेलेली असताना कोनाड्यातली पुस्तकं मी काढली. तिचं नाव झाकायला नवीन कागद लावला आणि सायकलवर तुझ्या आश्रमशाळेत आणून दिली. तू विचारलंस, "जयाले माहीत हाय का?" मी हो म्हणालो. तू पुन्हा विचारलं नाहीस. पुढच्या वर्षी त्याच पुस्तकांवर तू पास झालास.

हे सगळं मी बबिताला सांगितलं. मग तिनं तिचा निबंध लिहायला घेतला.

तुझ्या फोननंतर काल मी नेरच्या गाडीत बसून जयाकडे गेलो. तिला तुझं पान वाचून दाखवलं. तीस वर्षांत पहिल्यांदा माफी मागितली. ती शेंगा सोलत होती, हात थांबले नाहीत. म्हणाली, "जाळली असती तं मी एक दिवस रडली असती. दिवाळीले माहेरी आली तं इंद्रजीतच्या थैलीत दिसली मले. कागद फाटला होता, माह्यं नाव वर आलं होतं. हा समोरच बसून होता. थैली म्याच बंद केली."

तू समोर होतास, इंद्रजीत. हे वाक्य "पाहिलेलं" आहे. तुझ्या चौदा पानांत ते नाही.

बबितानं हे सगळ्यांपुढे वाचावं का, असं मी विचारलं तर जया म्हणाली, "वाचू दे. पण मले पुढं बसवजो, मागं आयकू येत नाय."

तेव्हा ऐक. निबंध मागे घेणार नाही. शनिवारी तिच्या कॉलेजच्या वाङ्मय मंडळात तू पाहुणा म्हणून बसशील आणि ती वाचेल. माझी लाज राखायला तिनं "एक मोठा भाऊ" एवढंच लिहिलं होतं. मी तिच्याकडून ते खोडून घेतलं आणि माझं पूर्ण नाव घालायला लावलं. तुझं नाव तर निबंधावर छापलेलंच आहे.

येणार असशील तर जयाशी आधी बोल. न येशील तरी ती पहिल्या रांगेत असेल.

तुला आशीर्वाद लिहायला हात उठत नाही. देवाकडे तुझ्यासाठी आणि माझ्यासाठी एकच मागणं मागितलंय, ते इथं लिहीत नाही.

जयाचा भाऊ,
धरमसिंग